आधी प्रश्न संघात येऊ द्या

'आमच्या ख्रिस्ती मंडळीत तरुणसंघाचं काम मी बघते. मुलं पंधरा ते एकोणीस वर्षांची आहेत. अलीकडे दोन प्रसंग घडले. एका मुलाचा वर्गातल्या मित्राशी देव आहे की नाही यावरून वाद झाला. त्याने मित्राला सगळ्यांदेखत निरुत्तर केलं आणि संघात येऊन ते अभिमानाने सांगितलं. तो मित्र आता त्याच्याशी बोलत नाही. दुसऱ्या प्रसंगात एका मुलीला तिच्या मैत्रिणीने सहज विचारलं, "तू हे सगळं खरंच मानतेस का गं?" हिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन रडली. मंडळीतले वडीलजन म्हणतात, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं छापून मुलांकडून पाठ करून घ्या. सराव म्हणून आम्ही एकाला नास्तिक बनवून वादविवादही घेतला. मुलं खूप हसली, पण हाती काही लागलं असं वाटत नाही. आपल्या विश्वासाची बाजू ठामपणे मांडायची आणि समोरच्याचा मानही राखायचा, हे या वयाच्या मुलांना कसं शिकवू?'
– एक संघचालिका

ताई,

तुमची दोन मुलं वरवर पाहता दोन टोकांची आहेत. एक नको इतकं बोलला, दुसरी बोललीच नाही. मला मात्र दोघांचं दुखणं एकच दिसतं. जो प्रश्न बाहेर त्यांच्यासमोर आला, तो त्यांनी आपल्या माणसांत कधी मोठ्याने विचारलेलाच नव्हता. त्यामुळे तो अंगावर आला तेव्हा दोघंही घाबरली. घाबरून एकाने हल्ला केला आणि दुसरी गप्प झाली. म्हणून माझा सल्ला असा, की उत्तरं शिकवायची घाई करू नका. आधी मुलांचे स्वतःचे प्रश्न संघात मोकळेपणाने येऊ द्या. ज्याने आपली शंका आपल्या माणसांसमोर मांडली आहे आणि तरीही ज्याला कुणी दूर लोटलेलं नाही, त्याला दुसऱ्याच्या शंकेचा राग येत नाही.

यासाठी साधा उपाय म्हणजे चिठ्ठ्यांची पेटी. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी तुम्ही सगळ्यांसमोर वाचायची. सुरुवातीला प्रश्न सोयीचे येतील: नोहाच्या तारवात डायनासोर होते का, काइनाला बायको कुठून मिळाली. मुलं तुमचा अंदाज घेत असतात. तुम्ही या प्रश्नांवर हसला नाहीत, कुणाला रागावला नाहीत, की मग खरे प्रश्न येऊ लागतात. 'इतकी वर्षं प्रार्थना केली तरी पप्पांची दारू सुटली नाही. मग?' 'माझी जिवलग मैत्रीण ख्रिस्ती नाही. ती नरकात जाणार का?' 'उपासनेत सगळ्यांना काहीतरी जाणवतं, मला काहीच जाणवत नाही.' अशी चिठ्ठी वाचताना ती कुणाची असेल म्हणून मान वर करून पाहू नका. लगेच उत्तरही देऊ नका. 'ज्याने हे लिहिलं त्याने धीर केला' एवढं म्हणा आणि मुलांना त्यावर बोलू द्या. इथलं बोलणं आईवडिलांपर्यंत किंवा पाळकसाहेबांपर्यंत जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. कुणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तरच हा नियम मोडेल, हेही तेव्हाच सांगून ठेवा.

यावर वडीलजन हरकत घेतील. शंकेला असं व्यासपीठ दिलं तर मुलं बिघडतील, असं त्यांना वाटेल. त्यांच्यासमोर शास्त्रच उघडा. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. आणि त्याचा मुलगा बरा होतो. येशू मरणातून उठला हे ऐकून त्याचा शिष्य थोमा याने तर साफ सांगितलं होतं की त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे काय लिहिलंय तेही वाचून दाखवा: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्या आठ दिवसांत बाकीच्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं. प्रभू आला तेव्हा तो तिथेच होता म्हणून त्याला भेटला.

आता तुमच्या वादविवादाकडे वळते. ज्याला नास्तिक बनवलं त्याचं सगळ्यांनी हसं केलं, तिथेच तो सराव फसला. मुलं त्यातून एवढंच शिकली की न मानणारा माणूस मूर्ख असतो आणि त्याला हरवणं सोपं असतं. मग वर्गात एक हुशार, सरळ मनाचा मित्र खराखुरा प्रश्न घेऊन समोर उभा राहतो आणि यांची तारांबळ उडते. ख्रिस्ती परंपरेतल्या थोर लोकांनी असं केलेलं नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने १२६५ ते १२७४ या काळात जो महाग्रंथ लिहिला, त्यात प्रत्येक प्रश्नावर तो आधी विरोधी बाजू मांडतो आणि मगच आपलं म्हणणं सांगतो. देव आहे का, या प्रश्नावर त्याने दोन आक्षेप घेतले आहेत. जगात वाईट आहे, मग अनंत चांगला देव कसा असेल? आणि जगातलं सगळं निसर्गाच्याच नियमांनी समजावता येतं, मग देवाची गरज काय? तुमच्या मुलांना वर्गात भेटतात ते याहून वेगळे आक्षेप नाहीत. साडेसातशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने ते न डगमगता आपल्याच पुस्तकात लिहून ठेवले. ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाचं उदाहरण तर याच्याही आधीचं. केल्सस नावाच्या विचारवंताने ख्रिस्ती लोकांवर कडाडून टीका केली होती. २४८ च्या सुमारास ओरिगेनने तिला आठ भागांत उत्तर दिलं. केल्ससचं मूळ पुस्तक आज उपलब्ध नाही. त्याचं म्हणणं आपल्याला कळतं ते बहुतांशी ओरिगेनने त्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली म्हणून.

हीच शिस्त मुलांना लावा. दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने आक्षेप घ्यायचा, पण सोंग आणून नाही. त्याला स्वतःला जो सगळ्यांत जड वाटतो तोच घ्यायचा. दुसऱ्याने आधी तो आक्षेप आपल्या शब्दांत मांडायचा. पहिला 'हो, हेच म्हणायचंय मला' म्हणेपर्यंत उत्तर द्यायला परवानगी नाही. मी घेतलेल्या अशा सरावात जे चालतं ते साधारण असं असतं. एक मुलगी विचारते, "देव चांगला असेल तर लहान मुलांना कॅन्सर का होतो?"

समोरचा मुलगा म्हणतो, "म्हणजे जगात वाईट आहे म्हणून देव नाही, असं तुझं म्हणणं."

"नाही. देव नाही असं मी म्हटलंच नाही."

"मग देवाने माणसाला वाईट का करू दिलं, असं?"

"तेही नाही. माणसाने केलेल्या वाईटाचा दोष माणसाला देता येईल. पण कॅन्सर कुणीच केलेला नाही. तो देवाने का होऊ दिला?"

मुलगा जरा थांबतो. मग म्हणतो, "ज्यात माणसाची काही चूक नाही आणि सोसणाऱ्याचीही नाही, असं दुःख देव का येऊ देतो, हे विचारतेस."

"हो. हेच."

पाठ केलेल्या उत्तरांत अशा प्रश्नावर बहुधा एकच गोष्ट छापलेली असते: देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आणि माणसाने त्याचा गैरवापर केला. या मुलीने ते उत्तर विचारलंच नव्हतं. तो मुलगा पहिल्याच वाक्यानंतर पुस्तिकेतलं उत्तर म्हणू लागला असता तर ते शब्द बरोबर असूनही वाया गेले असते, आणि तिला कळलं असतं की आपलं ऐकलंच गेलं नाही.

या प्रश्नाच्या मागे कधीकधी एखादं आजारी माणूस असतं. म्हणून मुलांना एक छोटा प्रश्न विचारायची सवय लावा: "हे तुझ्या मनात कशावरून आलं?" उत्तर आलं की 'असंच, एक व्हिडिओ पाहिला', तर खुशाल चर्चा करा. उत्तर आलं की 'माझा भाऊ...', तर तिथे युक्तिवाद थांबवायचा. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम तेवढंच. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू घेऊन एकामागून एक युक्तिवाद केले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, असं त्याने त्यांना सांगितलं. देवाच्या बाजूने बोलूनही चुकता येतं, हे तरुण मुलांना फार लवकर कळायला हवं. त्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय त्यांच्याबरोबर नक्की वाचा.

पण नुसती नम्रता पुरत नाही. ज्याला काही माहीतच नाही त्याची सौम्यता गुळमुळीत होते. अभ्यास हवाच, आणि त्यात आपल्याला अडचणीचं वाटतं तेही यायला हवं. 'बायबल नंतर बदललं' हा आक्षेप तुमच्या मुलांनी ऐकलेलाच असणार. नव्या कराराची पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं, काही पूर्ण तर काही तुकड्यांत, उपलब्ध आहेत हे त्यांना सांगा. मँचेस्टरमध्ये जपून ठेवलेला पपायरसचा एक तुकडा तळहातात मावेल एवढाच आहे. त्यावर येशू रोमन सुभेदार पिलातापुढे उभा असतानाच्या काही तुटक ओळी आहेत आणि तो सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानला जातो. हे ऐकून मुलांना हुरूप येईल. त्याच बैठकीत हेही सांगा की या हस्तलिखितांत आपापसांत हजारो फरक आहेत. त्यातले बहुतेक अक्षरांचे नाहीतर शब्दांच्या क्रमाचे असले तरी काही मोठे आहेत. मार्काच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या अध्यायातली नवव्या वचनापासूनची बारा वचनं चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, जी आपण इतक्या प्रेमाने सांगतो, तीही योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. आजच्या बऱ्याच बायबलांत तिथे कंस किंवा तळटीप असते. मुलांना ती स्वतः शोधायला लावा. हे तुमच्याकडून कळलं तर ती अभ्यासाची गोष्ट राहते. रात्री एकट्याने मोबाइलवर पाहताना कळलं, तर आपल्या माणसांनी हे लपवून ठेवलं असं मुलांना वाटतं, आणि त्या रागापुढे मग कुठलंच उत्तर टिकत नाही.

विज्ञानाबद्दलही तसंच. १६३३ मध्ये गॅलिलिओला चर्चच्या न्यायासनाने दोषी ठरवलं आणि त्या प्रकरणात चूक झाल्याचं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये मान्य केलं. हे मुलांना ठाऊक असू द्या. त्याच्याबरोबर जॉर्ज लमेत्र हे नावही त्यांना ठाऊक असू द्या. हे बेल्जियमचे धर्मगुरू भौतिकशास्त्रज्ञही होते. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं आणि आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो त्या कल्पनेचा पाया घातला. मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीच्या शिकवणीला आधार दिसतो अशा अर्थाचं भाषण केलं, ते लमेत्र यांना रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूने पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, असं त्यांचं मत होतं. हातात आलेला हुकमी मुद्दासुद्धा त्यांनी प्रामाणिकपणापोटी बाजूला ठेवला. वादाची खुमखुमी असलेल्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा.

चर्चच्या इतिहासातल्या पापांवर कुणी बोट ठेवलं तर मुलांची जीभ 'पण'कडे धावते. १०९९ मध्ये क्रूसेडच्या सैन्याने जेरुसलेममध्ये केलेली कत्तल निघाली की 'पण दुसऱ्यांनीही केलं'. गुलामांचा व्यापार निघाला की 'पण विल्बरफोर्स ख्रिस्ती होता'. होता खरा, आणि १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला त्यात त्याचा मोठा वाटा होता. परंतु गुलामगिरीचं समर्थन करणारेही बायबलचीच वचनं काढत होते. 'हो, हे झालं. आमच्या लोकांनी केलं आणि ते पाप होतं' हे वाक्य पूर्ण म्हणायला शिकवा, आणि त्यापुढे काही जोडायला लावू नका. समोरच्याने आणखी विचारलं तर विल्बरफोर्सचं नाव घ्यायला वेळ आहेच.

दुसऱ्या धर्मांबद्दल बोलताना आपल्यातलं उत्तम आणि त्यांच्यातलं वाईट शेजारी मांडायचं नाही. इतका एक नियम घालून दिला तरी पुष्कळ निभावतं.

मानाने बोलायचं म्हणजे आपलं म्हणणं पातळ करायचं, असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. 'सगळं एकच आहे' म्हणून विषय संपवणं सोपं आहे, पण त्यात समोरच्याच्या प्रश्नाचाही मान राहत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल स्पष्ट म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. ज्यांना उठलेला ख्रिस्त दिसला त्यांच्यापैकी बहुतेकजण अजून हयात आहेत, हेही तो सांगतो. हे पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांतलं आहे. आपला दावा त्याने असा उघड्यावर ठेवला, तपासणाऱ्याला तपासता यावा म्हणून. आणि 'मला माहीत नाही, मी शोधून सांगतो' हे वाक्य मुलांनी मान खाली न घालता म्हणावं. मात्र शोधून खरंच सांगायचं, आठवड्याच्या आत.

तुमच्या त्या मुलीला युक्तिवाद नको आहेत. मैत्रिणीने तिला पुरावा मागितला नव्हता, 'तू मानतेस का' एवढंच विचारलं होतं. 'मी का मानते' हे तिला तिच्या शब्दांत दोन-तीन मिनिटांत सांगता यावं, एवढी तयारी करून घ्या. आधी लिहू द्या, मग तुमच्यासमोर बोलू द्या. 'तारण', 'अभिषेक', 'रक्ताने विकत घेतलेले' हे मंडळीतले शब्द बाजूला ठेवायला सांगा, कारण मैत्रिणीला त्यांचा काही बोध होणार नाही. जे अजून कळत नाही तेही तिने त्यात सांगावं. मग मैत्रिणीकडे जाऊन 'त्या दिवशी तू विचारलंस ना' म्हणून तिला स्वतःच विषय काढता येईल.

मुलाशी तुम्ही एकट्याने बोला, संघासमोर नको. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ते प्रसिद्ध वचन त्याला पाठ असेल: तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा. त्याच वचनात पुढे ते सौम्यतेने आणि आदराने द्या असं लिहिलंय, तिथे त्याचं बोट ठेवा. ज्यांना हे लिहिलं त्यांची लोक निंदा करत होते, हेही दाखवा. लिहिणारा कोण, तर येशूला धरायला लोक आले तेव्हा तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापणारा पेत्र. मुलाला हे लागेल, कारण त्यालाही प्रभूची बाजूच घ्यायची होती. त्याची तळमळ खरी आहे, ती विझवू नका.

मग त्याला मित्राकडे पाठवा. त्याने एवढंच म्हणावं: "मी तुला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं, ते चुकलं. तुझं म्हणणं मी नीट ऐकलंच नाही. सांगशील का परत?" त्याच दमात उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही. यापुढे असा विषय वर्गात किंवा मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये निघाला तर 'आपण दोघं निवांत बोलू' म्हणून बाजूला व्हायचं. चार लोक बघत असताना कुणालाच मागे हटता येत नाही, त्यालाही आणि मित्रालाही. मित्र शेवटपर्यंत मानणार नाही असंही होईल. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने त्रिफो नावाच्या यहुदी विद्वानाशी झालेला दीर्घ संवाद लिहून ठेवला आहे. त्यात मधूनमधून शब्द चांगलेच कडक आहेत, पण शेवटी दोघं एकमेकांचं भलं चिंतून निरोप घेतात. त्रिफो ख्रिस्ती होत नाही आणि जस्टिन ते तसंच नोंदवतो. श्रीमंत माणूस येशूकडे पाठ फिरवून गेला, पण त्याआधी येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क लिहितो. त्याला अडवायला येशू मागे धावला नाही.

वडीलजनांची पुस्तिका नाकारू नका, छापू द्या. ती मुलांच्या हातात द्या आणि प्रत्येक उत्तराखाली त्यांना लिहायला सांगा: हे माझ्या मित्राला पटेल का, नसेल तर का नाही. वर्षाअखेर ती वह्यांसकट वडीलजनांना परत दाखवा. त्यांनाही मुलांच्या मनातलं कळेल.

पत्राच्या अगदी तळाशी तुम्ही बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली आहे: 'एवढं सगळं बोलू दिलं आणि एखादं मूल विश्वासच सोडून गेलं तर?' ही भीती खरी आहे आणि तसं घडूही शकतं. पेटी ठेवली नाही तरी ते घडतं. फक्त तेव्हा ते आपल्याला उशिरा कळतं. असं मूल उद्या तुमच्याकडे आलं तर त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याचं उदाहरण करून इतरांना उपदेशही करू नका. आईवडिलांना कसं आणि कधी सांगायचं हे त्याला ठरवू द्या. तो म्हणाला तर सोबत जा. प्रार्थना चालवायला किंवा साक्ष द्यायला त्याला सांगू नका, कारण ते त्याला खोटं वाटेल. पण गिटार वाजवत असेल, हिशेब ठेवत असेल, सहलीची व्यवस्था बघत असेल, तर ते काम त्याच्याकडेच राहू द्या. आणि दर आठवड्याला संघाच्या वेळेचा निरोप पाठवताना त्याचं नाव यादीतून काढू नका.